पडदा चाळीस इंच

८ जानेवारी

ती. बाबांस,
टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं ‘जेवलीस का’ आणि माझं ‘जेवले’ यापुढे आपली गाडी कधी सरकत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

बातमी अशी, की मी ज्या कार्टूनच्या स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवते तिथे आता काटेमामांचा सिनेमा होतोय. तेच काटेमामा, टीव्हीवरच्या संध्याकाळच्या मालिकेतले. शिलाईच्या दुकानातलं साळिंदर, स्वतःच्या पाठीचा काटा उपटून त्याचीच सुई करणारं. तुम्ही पायमशीन थांबवून माझ्याबरोबर बघायला बसायचात आणि रोज म्हणायचात, की प्राणी मनाने चांगला आहे, पण सुई धरायची अक्कल नाही. ससा फाटका सदरा घेऊन यायचा, कासव उसवलेला कोट घेऊन यायचं, मामा शिवून द्यायचे, उद्या या, धागा ओवून ठेवतो, असं म्हणायचे आणि शटर खाली ओढायचे. शटरखालच्या फटीतला उजेड विझला की मालिका संपली. मामा आता कुठे जातात, असं मी विचारलं की तुम्ही सांगायचात, आपल्यासारखेच, जिन्याने वर.

सिनेमा दीड तासाचा, त्यामुळे शटरच्या मागे गेल्यावाचून भागणार नाही. गोष्टीत एक हरवलेलं पिल्लू मामांकडे मुक्कामाला येतं. मामांची खोली आजवर कुणी पाहिलेली नाही, आणि ती काढायचं काम मुख्य बाईंनी माझ्याकडे दिलंय. आमचा विभाग त्यांच्या हाताखाली चालतो. त्या कमी बोलतात, पण जे बोलतात ते मी दोन दिवस मनात घोळवत बसते.

तीन खोल्या काढून झाल्या. तिन्ही खोट्या वाटतात. मला शिंप्याची एकच खोली माहीत आहे ना. बाबा, आपली खोली काढू का? तुम्हाला विचारल्याशिवाय एक रेघही ओढायची नाही असं ठरवलंय. घरून परवानगी यायची आहे, असं बाईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे जरा बघतच राहिल्या. तुम्ही नको म्हणालात तर चौथी खोटी खोली काढीन, मनात काही ठेवणार नाही.

हो म्हणालात तर मापं लागतील. खिडकी, पडदा, पलंग, गादीची खोळ, कटिंगचं टेबल, जमेल तेवढं. अंदाजाने काढलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं. ही खोड तुमचीच.

इथे बरं चाललंय. सगळे कानांना हेडफोन लावून बसतात. परवा डबा उघडताना झाकण खाली पडलं आणि मी ‘अरे’ म्हणाले, तेव्हा लक्षात आलं की दिवसभरातला हा माझा पहिला शब्द. खोलीच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. तिच्यावरचे डाग आता पाठ झालेत. एक डाग तुमच्या मोठ्या कात्रीसारखा दिसतो, म्हणून मी टेबल त्याच्यासमोर सरकवून घेतलंय.

कळावे. लोभ आहेच, टाके सैल पडू देऊ नका.

तुमची,
टाचणी


१९ जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझी शाळा म्हणजे तुझीच पाटी, तेव्हा चुका दिसल्या तर मनात हस. मागच्यासारखं लाल पेनने खुणा करून पत्र परत धाडू नकोस.

परवानगी कसली मागतेस, वेडे. त्या बाईंना म्हणावं, बापाने सही-शिक्का दिला. एकच अट, मामाच्या हातात सुई नीट दे. इतकी वर्षं तो सुई विळ्यासारखी धरतोय.

मापं अशी. खिडकी उंचीला छत्तीस इंच. पडदा चाळीस. रंग पिस्त्याचा, उन्हाने एका बाजूने उडालेला. पलंग तीन फुटी, गादीची खोळ अडतीस बाय अठ्ठ्याहत्तर. कटिंगच्या टेबलावरचं जाड कापड पन्नास बाय तीस. खिडकीच्या डाव्या अंगाला खिळा, त्याच्यावर तुझ्या आईची काजं कापायची छोटी कात्री. ती खिडकीत पाय दुमडून बसायची आणि काज-बटण करायची, ते तुला सांगायला नको. मशीन खिडकीला चिकटून, म्हणजे दिवा उशिरा लावावा लागतो. सकाळी ऊन आधी चाकावर येतं, मग माझ्या गुडघ्यावर, मग तुझ्या पुस्तकावर यायचं. जिन्याची तिसरी पायरी वाजते. तेही काढता आलं तर काढ.

हे लिहिताना मजा वाटली. अजून काही हवं असेल तर विचार.

आणखी एक. पत्रं यापुढे समोरच्या इस्त्रीवाल्यांच्या पत्त्यावर टाक. आपल्या जिन्याला पोस्टमन कंटाळलाय, त्याचे गुडघे दुखतात.

पोटभर जेव. डब्याच्या झाकणाशी बोलण्यापेक्षा शेजारच्याशी बोल.

कळावे. माझा लोभ आहे तसाच आहे, विटला नाही.

बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

खोली उभी राहतेय. रेखाटनं झाली, रंग झाले. पडद्याच्या पिस्त्यासाठी मी अकरा रंग करून पाहिले आणि शेवटी डोळे मिटून केला तो जुळला. मुख्य बाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, की या खिडकीत कोण बसायचं. मी चित्रात कोणालाच बसवलं नव्हतं, बाबा. फक्त तिथला रंग थोडा झिजवला होता.

आता पिल्लाची अडचण आहे. खोलीत पलंग एकच. मामा पिल्लाला पलंग देणार आणि स्वतः खाली झोपणार, पण खाली कुठे? मला ताप आला की तुम्ही मला पलंगावर घालायचात. तेव्हा तुम्ही कुठे झोपायचात? मला कायम तुमचा हातच दिसायचा, कपाळावर. बाकीचे तुम्ही कुठे असायचात ते कधी पाहिलं नाही, याची आता लाज वाटते.

आमच्याकडे वेळेची ओढाताण आहे. तरी मेमध्ये चार दिवस मागणार आहे. घरी येऊन काही करायचं नाही. खिडकीत बसायचं, तुमचं मशीन ऐकायचं, आणि तुम्ही मध्येच मान वर करून काय गं म्हणालात की काही नाही म्हणायचं. इथे काम करताना सारखं वाटतं, की मी त्या खोलीतच आहे. मग संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की अचानक बाहेर काढल्यासारखं होतं. तेवढ्यापुरतं त्रास देतं मन. काळजी करू नका.

शेजारच्याशी बोलले. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो. माझ्या चित्रावरून तो कॉम्प्युटरमध्ये खरीखुरी खोली बांधतो, म्हणजे कॅमेरा तिच्यात फिरवता येतो. मी नमस्कार म्हटल्यावर त्याने हेडफोन काढून विचारलं, काही बिघडलंय का.

कळावे. लोभ असाच हाताशी ठेवा.

टाचणी


४ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मी खाली जमिनीवर, मशीन आणि बाजूची भिंत यांच्यामधे झोपायचो. तिथे एका माणसाचं अंथरूण बरोबर बसायचं. पायाशी मशीनचं चाक. एकदा झोपेत लाथ लागून चाक फिरलं आणि मशीन आपोआप चार टाके चाललं. तुझी आई उठून बसली. मामालाही तसंच कर, मुलं हसतील.

मे महिन्यात येऊ नकोस. उकाड्याने हाल होतील. शिवाय मला हल्ली काम बरंच असतं, मोठ्या दुकानाचं आल्टरेशनचं काम घेतलंय, तुझ्याकडे बघायला सवड मिळायची नाही. तू तुझं काम पुरं कर. अर्धवट शिवून उठलेल्या माणसाला पुढे टाका सापडत नाही, हे तुला मी सांगायला हवं का?

इस्त्रीवाले तुझी चौकशी करतात. त्यांच्या नातवाला काटेमामा म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, सुईची चूक वगळून.

कळावे. लोभ आहेच.

बाबा


२७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

परवा चष्मेवाल्याने खोली बांधून पुरी केली आणि मला बोलावलं. पडदा खिडकीच्या चौकटीखाली चार बोटं लोंबत होता. खोळ पलंगाच्या कडेने बाहेर आली होती. टेबलावरचं कापड कोपऱ्यांवरून ओघळलं होतं. तो म्हणाला, तुमचा मामा कसला शिंपी, सगळा ढगळ कारभार. इतरांना बोलावून दाखवलंही. मला इतका राग आला, की मी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, माझ्या बाबांच्या हातचं कापड सूतभरही इकडेतिकडे होत नाही, तुमचंच काहीतरी चुकलंय. त्याने तुमचं पत्र मागितलं. मी मापं वाचून दाखवली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मी जागेवर येऊन बसले. आईचा खिडकीतला फोटो काढून पाहिला. पडदा चौकटीशी काटेकोर संपतो. मग एकेक कापड घेतलं आणि हिशेब केला. प्रत्येक गोष्ट मोठी आहे, आणि बरोबर तेवढीच, जेवढं कापड दुमडीत आणि शिवणीत जातं. बाबा, ही शिवून झालेल्या कापडांची मापं नाहीत. ही बेततानाची मापं आहेत.

तुम्हीच शिकवलं होतंत, की बेतायचा आकडा शिंप्याच्या डोक्यात असतो आणि शिवून झाल्यावरचा टेपवर. पडद्याचा चाळीस मला आठवला. तुम्ही ओरडून सांगितलात आणि मी खडूने कापडावर लिहिला. पहिलीत होते. चार उलटा काढला म्हणून आई हसली, आणि तुम्ही तो पुसू दिला नाहीत. दुमडीत गेला, तिथेच राहिला.

म्हणजे तुम्ही टेप लावला नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतःचं माप तोंडी सांगितलं तरी तुम्ही दोनदा टेप लावणारे, आणि मी मागितलं तर आठवणीवर लिहून मोकळे झालात. आधी वाटलं, डोळ्यांचं काही असेल. मग वाटलं, हात थरथरत असतील. पण अक्षर तसंच आहे. मग पोस्टमनचे गुडघे आठवले. मग मेचा उकाडा आठवला. तुमच्या पत्रांना हल्ली गरम इस्त्रीचा वास येतो, तो मला आधी छान वाटायचा.

मी उगाच घाबरत असेन तर रागवा, मला बरंच वाटेल. एवढंच सांगा. खिडकी आहे ना?

टाचणी


६ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

खिडकी नाही.

रस्ता रुंद झाला, त्यात आपली बाजू पूर्ण गेली. दुकान, जिना, वरची खोली, शेजारचा घड्याळवाला, सगळं. समोरची बाजू राहिली, म्हणून इस्त्रीवाले राहिले. तुझी नोकरी लागली त्याच महिन्यात कागद आला होता. तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस, की पहिल्याच आठवड्यात परत यावंसं वाटतंय. तुला कळलं असतं तर तू त्याच पावली आली असतीस, आणि पाडलेल्या भिंतीसमोर माझ्याबरोबर उभी राहिली असतीस. मग आपल्या दोघांपैकी कोणी कुठेच गेलं नसतं.

मी तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात आहे. तळघरात आल्टरेशन करतो. पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या. मागे सामानाची खोली आहे, तिथे झोपतो. मालक बरा माणूस आहे. दिवसभर ट्यूब असते, त्यामुळे ऊन कुठवर आलं ते कळत नाही, एवढंच. पलंग कोणी घेतला नाही. पडद्याचं मशीनला कव्हर शिवलं. आईची कात्री माझ्या खिशात असते.

तुझं पहिलं पत्रही पोस्टमनने इस्त्रीवाल्यांकडेच दिलं. तुझं पत्र त्यांच्या टेबलाशी उभं राहून वाचतो. उत्तरही तिथेच लिहितो. तू मापं मागितलीस तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण तू विचारलंस आणि मला वाटलं, कोणीतरी कुलूप काढलं. जिना चढलो, तिसरी पायरी वाजली, आणि एकेक वस्तू मोजत बसलो. टेप तेवढा हातात नव्हता. उलटा चार माझ्याही ध्यानात होता, तू त्याच्यावरून पकडशील असं मात्र वाटलं नाही. शिकवली तेव्हा बरी शिकवली म्हणायची.

धावत येऊ नकोस. बसायला सांगावं अशी जागा माझ्याकडे नाही, आणि तुला इथे बघून मला सुचायचं नाही. त्या पिल्लाला नीट झोपव, मग बघू.

कळावे.

बाबा


३ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत म्हणून आले नाही. मला तुमचा राग आलाय, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. तुम्ही तळघरात झोपत होतात आणि मी इथे बसून पिस्त्याच्या छटा करत होते. हे मला फार लागलंय. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

मुख्य बाईंना मी सगळं सांगितलं. मापं चुकली आहेत, मी तपासली नाहीत, खोली नव्याने करायला लागेल. दुमड वजा करून दुसरी खोलीही करून दाखवली. सगळं चापूनचोपून, जसं खरं होतं. त्यांनी दोन्ही शेजारी लावून पाहिल्या आणि पहिलीच ठेवायला सांगितली. म्हणाल्या, दुसऱ्या खोलीत एकटा माणूस राहतो, पहिलीत कोणीतरी वाढायचं आहे. मी म्हटलं, पण ती चूक आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांना विचार. उद्या खोली पुढच्या विभागाकडे जाणार, पत्र पोचायचं नाही. म्हणून तुमच्या वतीने मीच हो म्हटलं. तुम्हाला न विचारता घेतलेला हा माझा पहिला निर्णय. चुकला असेल तर सांगा.

एक गोष्ट मी मागून घेतली. शेवटी शटर पडतं तेव्हा खालच्या फटीतला उजेड विझवायचा नाही. बाईंनी लगेच टिपून घेतलं.

सिनेमा लागला की आठ दिवसांची रजा मिळेल. सगळे आपापल्या घरी जायचे बेत करतायत. चष्मेवाल्याने मला विचारलं, तुम्ही कुठे जाणार. मी डबा धुवायला उठले. बाबा, मी कुठे येऊ?

कळावे. राग असला तरी लोभ आहेच.

टाचणी


१८ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मधे सगळी कार्डं नुसती खुशालीची टाकली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

काल दुपारच्या खेळाला इस्त्रीवाल्यांना आणि त्यांच्या नातवाला घेऊन गेलो. आमच्याएवढे म्हातारे दुसरे कोणी नव्हते. सुरुवातीचं दुकान बघून मी म्हटलं, झालं, सुई अजून विळ्यासारखीच आहे. नातवाने मला गप्प केलं.

मग मामाने शटर ओढलं, पिल्लाला पुढे घातलं आणि जिना चढायला लागला. तिसरी पायरी वाजली. दार उघडलं. टाचणी, मी काय लिहू? ऊन चाकावर होतं. खिळ्याला कात्री होती. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, आजोबा, खाली बसा. मी उभा राहिलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

इस्त्रीवाले आपल्याकडे कितीदा तरी चहाला आलेले. ते माझ्याकडे वाकले. मग कानात म्हणाले, पडदा लांब झालाय. मी म्हटलं, दुमड उसवलीय. तेवढंच. तू हो म्हटलंस ते बरोबर केलंस. मामाचा पाय लागून मशीन चाललं तेव्हा सगळी मुलं हसली. तुझी आई उठून बसलेली मला एकट्याला दिसली.

शेवटी शटर पडलं. मी सवयीने उजेड विझायची वाट बघत राहिलो. पडद्यावर नावं येऊन गेली, तुझं नाव इस्त्रीवाल्यांनी वाचलं, माझ्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. हॉलमधले दिवे लागले तरी मी फटीकडेच बघत होतो.

आता तुझं उत्तर. आज सकाळी मालकाशी बोललो. सामानाच्या खोलीतले खोके त्याने दुसरीकडे हलवू दिले. मी टेप घेऊन बसलो. दोनदा मोजलं, इस्त्रीवाल्यांकडून तिसऱ्यांदा मोजवून घेतलं. मशीन आणि भिंत यांच्यामधे रुंदी छत्तीस इंच. लांबी सत्तर. तुझी उंची त्रेसष्ट, माझ्या डोक्यात आहे, पण आल्यावर तीही मोजू. मी दाराशी झोपेन, तिथे मला ऐसपैस होतं. नवी खोळ शिवतोय, दुमड धरून, बेतायचा आकडा तुला सांगत नाही. खिडकीचं माप लिहिलेलं नाही, कारण खिडकी नाही. बाकी सगळं टेपने घेतलंय.

अंथरूण घालून बघितलं. पायाशी जागा उरते.

कळावे. लोभ किती ते इथे येऊन मोज.

बाबा